खुर्ची कशासाठी?

लिफ्टच्या मिस्त्रीला त्या दोघांचा मनापासून तिटकारा आला होता, आणि तो लपवायचे कष्टही तो घेत नव्हता. एक सर, एक मॅडम. बहिणीचा नवरा लिफ्टच्या अपघातात गेला, तेव्हापासून मिस्त्रीचं पाऊल काही लिफ्ट वरखाली जाते त्या शाफ्टमध्ये पडेना. वीस वर्षं लिफ्टचं काम केलेला कारागीर, आणि चार महिने स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट निवडतोय! शेवटी कंपनीने त्याला इथे, या समुपदेशन केंद्रात धाडलं. या दोघांनी ‘कामावर जाण्यास योग्य’ असा कागद दिला तर पुन्हा लिफ्टवर, नाही तर जन्मभर नटबोल्ट. कागद हवा म्हणून यायचं, एरवी कोण येतंय इथे झक मारायला?

सर म्हणजे नुसता सिद्धान्त. गेस्टाल्ट नावाची काहीतरी उपचारपद्धती त्यांनी म्हणे आयुष्यभर शिकवली होती. पहिल्या दिवशी मिस्त्री एवढंच म्हणाला, की झोप लागत नाही. तर सरांनी फळ्यावर अर्धा तास वर्तुळं काढली. ही आकृती, ही पार्श्वभूमी, हा माणूस, हा त्याचा परिसर आणि मधली ही सीमा. झोप त्यात कुठे बसते ते शेवटपर्यंत कळलं नाही. मिस्त्रीला हेड ऑफिसचा इंजिनियर आठवला. त्याला सगळे नकाशे तोंडपाठ होते, पण शाफ्टमध्ये उतरायचं म्हटलं की साहेबांचे बूट खराब व्हायचे.

मॅडमची तऱ्हा उलटी. वय असेल तिशीच्या आत, आणि पोतडीत नुसत्या युक्त्या. मिस्त्रीचा गुडघा जरा हलला, की लगेच, “गुडघा काय म्हणतोय? गुडघा होऊन बोला.”

“गुडघा म्हणतोय, तुमची खुर्ची बुटकी आहे.”

मग तिने उशी पुढे केली. “राग आलाय ना? हिला मारा.”

“हिने काय घोडं मारलंय माझं?”

प्रत्येक युक्तीनंतर ती कोपऱ्यात बसलेल्या सरांकडे बघायची, बरोबर चाललंय ना म्हणून. सर वहीत काहीतरी खरडत असायचे. अशा माणसांच्या हातात माझी भाकरी, मिस्त्रीच्या मनात यायचं. काय कप्पाळ माझं!

तिसऱ्या खेपेला मॅडमने एक रिकामी खुर्ची ओढून त्याच्या समोर ठेवली.

“आज आपण तुमच्या भाऊजींशी बोलणार आहोत.”

“भाऊजी गेले. कागदावर लिहिलंय तुमच्या.”

“ते इथे बसलेत असं समजा. काय सांगायचं राहिलं ते त्यांना सांगा. मग तुम्ही त्या खुर्चीत बसा आणि त्यांच्या बाजूने उत्तर द्या.”

मिस्त्री खो खो हसला. “कशासाठी?”

“असंच करतात.”

“असंच म्हणजे? खुर्ची ठेवल्याने होतं काय? माझ्यासाठीच का, आजच का? उद्या दुसरा कुणी आला की त्यालाही हीच खुर्ची?”

मॅडमचा चेहरा लाल झाला. कोपऱ्यातून सरांनी घसा खाकरला. “त्यामागे फार मोठा विचार आहे. अपूर्ण राहिलेला अनुभव जेव्हा—”

“तुम्ही थांबा हो. खुर्ची तुम्ही ठेवलेली नाही. मॅडम, तुम्ही सांगा.”

“मी हे जिथे शिकले, त्या शिबिरात विचारलं होतं,” ती हळूच म्हणाली. “तिथले शिक्षक म्हणाले, का ते विचारू नका. आम्ही करतो तसं करा.”

मिस्त्री ताडकन उठला. “त्या शिक्षकाच्या कानाखाली वाजवायला हवी! हातात हत्यार द्यायचं आणि का ते सांगायचं नाही? उद्या समोरच्या जित्याजागत्या माणसाचं काही बरंवाईट झालं, म्हणजे मग—”

तो उभाच राहिला. मग मटकन खाली बसला.

“मीच म्हणालो होतो तसं,” तो म्हणाला. “अगदी असंच.”

मिस्त्री जमिनीकडे बघत बोलू लागला. भाऊजींची गिरणी बंद पडली. पंचेचाळिसाव्या वर्षी ते आपल्याहून धाकट्या मेव्हण्याच्या हाताखाली काम शिकायला आले. लिफ्टचं दार उघडं असलं की लिफ्ट चालत नाही. तपासणी करताना दाराच्या कुलपावर वायर जोडली, की उघड्या दारानेही ती चालते. “ती वायर मी त्यांना दाखवली. पण त्याच्या आधी वर मशीनच्या खोलीत जाऊन मजल्यांवरची बटणं बंद करायची असतात. मी ते सवयीने करून टाकायचो, कधी बोललोच नाही. एकदा त्यांनी विचारलं, ‘का रे, आधी वर कशाला जातोस?’ मला घाई होती. म्हटलं, भाऊजी, तुम्ही का बिका विचारू नका, मी करतो तसं करा. त्यांना वायर तेवढी कळली होती. एकटे होते त्या दिवशी. वायर जोडून आत वाकले, आणि पाचव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं.”

सरांचे डोळे चमकले. “उत्तम! पाहिलंत? आकृती पूर्ण झाली!” ते लगबगीने टेबलाशी गेले, कागद ओढला, सही ठोकली. “घ्या. तुम्ही आता कामाला योग्य.”

ज्या कागदासाठी जीव टांगणीला लागला होता, तो हातात आला. मिस्त्रीने तो वाचला.

“तपासलंत काय तुम्ही?” तो म्हणाला. “माझ्यामुळे माणूस मेला म्हणून सांगतोय, आणि तुम्ही मला कामावर पाठवताय?” त्याने कागद टेबलावर परत ठेवला.

“तुमच्या ताईंना हे माहीत आहे?” मॅडमने विचारलं. या खेपेला तिने सरांकडे पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली. “ती घरोघर सांगते, ‘कंपनीचं मशीनच खराब होतं. माझ्या भावाने तर त्यांना सगळं शिकवलं होतं.’”

मग त्याने खिशातून फोन काढला.

“ताई, घरी आहेस ना? नाही, जेवण नको ठेवूस. भाऊजींना मी काय शिकवलं नव्हतं, ते सांगायला येतोय.”