सरकलेली नळी

पेशंटच्या नवऱ्याला मी सांगितलं, "नळी सरकलीय. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल." सरकलीय म्हणे! जणू नळीला पाय फुटले होते.

खरी गोष्ट वेगळी होती. शिवणकाम करणाऱ्या या बाईंच्या मूत्रनलिकेत खडा अडकला होता, म्हणून आदल्या दिवशी मी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत बारीक नळी घातली. ती जागेवर बसली की नाही, हे एक्स-रे मशीनवर बघायचं असतं. मशीन शेजारी हाडांच्या डॉक्टरांकडे होतं. सिस्टर म्हणाली, "दहा मिनिटं थांबू या ना, सर." मी तिच्यावर खेकसलो, "वीस वर्षं नळ्या घालतोय. माझ्या हाताला कळतं." कळतं कपाळ! सकाळी लघवीतून रक्त आलं म्हणून सीटी स्कॅन काढला, तर नळी मूत्रनलिका फोडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत शिरलेली.

आता ती ओढताना शिरेचं भोक आवरलं नाही, तर बाई टेबलावरच जाणार होती. मी रक्तवाहिन्यांच्या सर्जनबाईंना बोलावलं. त्यांनी स्कॅन बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "पोट उघडू. मी शीर धरते, तुम्ही खालून ओढा. मी थांबा म्हटलं की थांबायचं." एरवी असं कुणाचं मी ऐकून घेतलं नसतं.

त्यांनी आतडी बाजूला करून शीर मोकळी केली. मी मूत्राशयात दुर्बीण घालून नळीचं खालचं टोक पकडलं.

"ओढा."

बोटभर आली.

"थांबा!" भोकातून रक्त भसकन वर आलं. भूलतज्ज्ञ ओरडला, "प्रेशर पडतंय!" सर्जनबाईंनी भोकावर बोट दाबलं. मी माझ्या हातांकडे बघत राहिलो. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना काही कळत नव्हतं.

"हात कसले बघत बसलाय? ओढा आता, सगळी!"

ओढली. सळकन बाहेर आली. सर्जनबाईंनी शिरेला टाके घातले आणि बोट उचललं. आम्ही सगळे श्वास रोखून त्या टाक्यांकडे बघत राहिलो. रक्त थांबलं होतं. मग मूत्रनलिका शिवली आणि दुसरी नळी मी मशीनवर बघत बघत, इंचाइंचाने घातली.

बाहेर नवरा फोनवर सांगत होता, "वाचली गं, आई. डॉक्टर म्हणजे देवमाणूस." ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नळी सरकली नव्हती," मी म्हणालो. "मीच चुकीच्या जागी घातली होती. मशीनवर न बघता."

त्याने फोन बंद केला. मला वाटलं, आता कॉलर धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

"सकाळी तिने ऑपरेशनच्या कागदावर सही केली, तेव्हा तिला हे माहीत होतं?"

"नाही."

"तिला वाटलं, तिचंच चुकलं. आपण झोपेत कूस बदलली, म्हणून नळी सरकली, असं म्हणत होती. आत जाताना माझी माफी मागितली तिने."