दोन्या ओनेलियाची सही

"आंदेर्लिन कुठाय?" रादामेसनं टीव्हीला जवळजवळ नाकच लावलं होतं. "शॉर्टस्टॉपला हा कोण उभा केलाय?"

"तू बाजूला झालास तर आम्हालाही कळेल," मागून म्हातारा तोरिबियो ओरडला. "गाढवाचं मांस काचेचं नसतं, बाबा!"

हशा पिकला, पण लगेच विरला. माझ्या दुकानात त्या संध्याकाळी तीस-चाळीस माणसं होती. अर्धी आत पोत्यांवर, अर्धी बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बेसबॉलच्या उपांत्य फेरीचा शेवटचा सामना, जिंकला तर आमचा मनाती संघ अंतिम फेरीत. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात, त्या जागी आमच्या गल्लीतला आंदेर्लिन पेगेरो नव्हता. तिथे कोणी लुकडा पोरगा मोजा वर ओढत उभा होता.

मग समालोचकानं सांगितलं. तपासणीत आंदेर्लिनच्या शरीरात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. हा हंगाम संपेपर्यंत आणि पुढचा अख्खा हंगाम तो मैदानात पाऊल ठेवू शकणार नव्हता.

रादामेस मोटारसायकलवर सवाऱ्या नेतो, एरवी त्याचं तोंड इंजिनापेक्षा मोठं. त्यानं हातातली बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "चेपे, आवाज बंद कर."

मी बंद केला. तो सामना आम्ही मुक्यानं पाहिला. चार विरुद्ध तीन, आम्ही जिंकलो. अंतिम फेरी नऊ वर्षांनी मिळाली होती आणि माझ्या दुकानात टाळी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर आंदेर्लिन बोलला. आवाज रडवेला होता. "माझा गुडघा दुखत होता. वस्तीतल्या एका बाईंनी इंजेक्शन दिलं. जीवनसत्त्वाचं आहे म्हणाल्या. मी विश्वास ठेवला."

दुकानात पाव घ्यायला आलेल्या सगळ्यांनी एकदम रस्त्यापलीकडे पाहिलं. पिवळ्या दाराचं घर. आमच्या वस्तीत इंजेक्शन देणारी बाई एकच होती.

ओनेलिया, मानानं सगळे जिला दोन्या म्हणजे बाईसाहेब म्हणतात, सरकारी इस्पितळात एकेचाळीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाल्यावर घरच्या ओसरीवर एक खुर्ची, एक पडदा आणि उकळत्या पाण्याचं भांडं एवढ्यावर तिनं वस्ती सांभाळली. माझ्या दोन्ही मुलींना तापात तिनंच टोचलं. तिचा हात असा की सुई गेली कधी ते कळायचं नाही. त्याचं गुपित बेसबॉल होतं. ती मनातीची इतकी वेडी भक्त, की कापसानं दंड पुसता पुसता विचारायची, "काल सातव्या डावात त्या मूर्खानं पिचर बदलला, तुला पटलं का?" माणूस तावातावानं उत्तर देईपर्यंत ती सुई बाहेर काढून मोकळी. अंपायरला ती ज्या शिव्या घालायची त्या मी इथे लिहू शकत नाही, आणि ती रोज सकाळी चर्चमध्ये जाणारी बाई.

पण कामात तिच्याइतकं कडक कोणी नव्हतं. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर ती सुईला हात लावत नसे. तिच्या सख्ख्या भावालाही तिनं एकदा तसंच परत पाठवलं होतं.

हे मला माहीत होतं. तरी त्या दुपारी मी तिच्या ओसरीवर गेलो आणि विचारलं, "दोन्या, तुम्ही दिलंत का त्याला?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला काय वाटतं, चेपे?"

मी म्हणायला हवं होतं, तुम्ही नाही दिलंत. पण मी म्हणालो, "चूक कोणाकडूनही होते."

तिनं दोन खडे वेचून बाहेर फेकले. "भात टाकायचाय मला," एवढंच म्हणाली. आज या गोष्टीला चार वर्षं झाली, पण ते वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं हे मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी गल्लीत एक काळी गाडी आली. त्यातून वकील उतरला आणि त्याच्यामागून आंदेर्लिन. सहा फूट दोन इंच उंचीचा पोरगा, पण त्या दिवशी तो खांदे पाडून असा चालत होता की ओळखू येईना. पाच मिनिटांत अख्खी गल्ली ओसरीसमोर जमली. मीही दुकान उघडं टाकून गेलो.

वकील गोड बोलत होता. "दोन्या, फार काही नाही. या कागदावर लिहिलंय की तुमच्याकडून नकळत दुसरी बाटली वापरली गेली. वय झालं, नजर कमी झाली, कोणीही समजून घेईल. तुम्ही सही केलीत की बेसबॉल मंडळ शिक्षा उठवेल. पोरगा अंतिम सामने खेळेल."

"करा ना सही, दोन्या!" रादामेस पुढे झाला. "तुमचं काय जातंय? नोकरी संपली, पेन्शन कोणी काढून घेणार नाही. अख्खं गाव तुमचं नाव काढेल."

"नाव तर आत्ताच काढतायत," ती म्हणाली. तिनं चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. घाई केली नाही. मग चष्म्यावरून आंदेर्लिनकडे पाहिलं.

"इकडे ये, बाळा. मी तुला कुठे टोचलं?"

त्यानं वकिलाकडे पाहिलं.

"दंडाला की कमरेखाली?"

"दंडाला," वकीलच म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही तिथे नव्हतात. खरं तर कोणीच नव्हतं." ती आंदेर्लिनकडेच बघत होती. "तू आलास तेव्हा गुरुवार होता. हातात बाटली होती, तिच्यावरचं लेबल खरवडलेलं. मी काय म्हणाले तुला?"

आंदेर्लिनची मान खाली.

"मी म्हणाले, हे काय आहे ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि ज्यानं दिलंय तो सांगत नाही. फेकून दे. तू पाय आपटत निघून गेलास. मग कोणाकडून टोचून घेतलंस ते तुझं तू जाण."

"दोन्या," वकिलाचा आवाज थोडा कोरडा झाला, "हे सिद्ध होणार नाही. त्याचा शब्द आणि तुमचा शब्द. पण सही केलीत तर सगळ्यांचंच भलं."

तिनं कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "उद्या एखादी आई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन इथे येईल. तिनं या हाताकडे बघून काय समजायचं? ही बाटली न बघता टोचणारी बाई?" मग आंदेर्लिनच्या मनगटावर हात ठेवला. "तू खेळावंस असं माझ्याइतकं कोणाला वाटत नसेल, पोरा. दुसरा कागद आण. त्यात खरं लिही, चुकलो म्हण, माफी माग. मी तुझ्याबरोबर राजधानीला येते. मंडळासमोर तुझ्या शेजारी बसते. पण हा कागद नाही."

वकील हसला आणि गाडीकडे वळला. आंदेर्लिन क्षणभर तसाच उभा राहिला. वाटलं, बोलेल. पण तोही गेला.

नंतरचे दहा दिवस मी सांगायला नको. कोणीतरी तिच्या दाराशी माशांची घाण ओतली. पिवळ्या भिंतीवर रंगानं लिहिलं, "मनातीची मारेकरीण". ओसरीवरची खुर्ची रिकामी राहिली. लोक इंजेक्शनासाठी बस पकडून दूरच्या दवाखान्यात जायला लागले, तिच्या समोरून जाताना मान वळवून. सकाळी ती बादलीभर पाणी आणून पायरी धुवायची आणि चर्चला जायची. मी काउंटरमागून बघत असे. उठून तिची बादली धरावी असं रोज वाटायचं. एकदाही उठलो नाही.

अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. रविवारची दुपार, उन्हानं डांबर मऊ झालेलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आंदेर्लिनची आई फिओर्दालिसाही आली होती, कोपऱ्यात बर्फाच्या पेटीला टेकून. सामना सुरू व्हायला दोन मिनिटं असताना दारातली माणसं आपोआप बाजूला झाली.

दोन्या ओनेलिया आत आली. डोक्यावर मनातीची निळी टोपी, हातात पंखा.

"दुपार सुखाची जावो सगळ्यांना," ती म्हणाली. आमच्याकडे आत येणाऱ्यानं असं म्हणायची रीत आहे, आणि आतल्यांनी उत्तर द्यायची. कोणी दिलं नाही.

"घरी रेडिओ नाही का?" रादामेस टीव्हीकडे बघतच पुटपुटला.

"आहे. पण एकटीनं ओरडायला मजा येत नाही."

तोरिबियो खोकला. तो हसू दाबत होता हे मला कळलं. मी आतून माझी स्वतःची खुर्ची आणली आणि तिच्यासाठी मांडली. माझ्याकडून झालेलं तेवढंच.

सामना घासून चालला. तिसऱ्या डावात आम्ही दोन धावा पुढे, पाचव्यात बरोबरी. मधे एकदा लाईट गेली, शिव्यांचा पाऊस पडला, परत आली. त्या लुकड्या पोरानं सातव्या डावात एक साधा चेंडू पायातून जाऊ दिला आणि एक धाव गेली. दुकान पेटलं. त्याच्या आईचा, बापाचा, जन्माचा उद्धार झाला. रादामेस वळून ओनेलियाकडे बघत म्हणाला, "ही धाव तुमच्या नावावर, दोन्या!"

तिनं पंखा थांबवला नाही. टीव्हीतल्या पोराला म्हणाली, "मान वर कर, बाळा. पुढचा चेंडू येतोय." आणि पुढचा चेंडू त्यानं खरंच झेप घेऊन अडवला, तेव्हा तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. हाडकुळ्या हातांच्या टाळ्या, पण थांबल्या नाहीत. मग तोरिबियोनं वाजवल्या, मग मी.

आठव्या डावात फिओर्दालिसा बर्फाच्या पेटीपासून सरळ उभी राहिली.

"त्यांनी नाही दिलं," ती म्हणाली.

आधी कोणी ऐकलं नाही. ती टीव्हीसमोर येऊन उभी राहिली. यावेळी गाढवाच्या मांसाबद्दल कोणी बोललं नाही.

"दोन्यांनी नाही दिलं. त्या दिवशी आंदेर्लिन चिडून घरी आला होता. म्हातारी अडून बसलीय म्हणाला. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." तिनं तळहातानंच डोळे पुसले. "मी आई आहे ना त्याची. मी गप्प बसले. दोन्या, मी..."

"फिओर्दा," ओनेलिया शांतपणे म्हणाली, "नंतर बोल. दोन आउट झालेत, तिसऱ्या बेसवर आपला माणूस आहे. बस इथे."

आणि तिनं खरोखरच तिला हाताला धरून माझ्या तांदळाच्या पोत्यावर बसवलं. हात सोडला नाही.

तो माणूस धाव पुरी करून होम बेसला पोचला नाही. नवव्या डावातही काही झालं नाही. एका धावेनं हरलो. माणसं उठली, बाटल्या गोळा झाल्या, एकमेकांकडे कोणी बघत नव्हतं. रादामेस बाहेर जाऊन मोटारसायकलवर बराच वेळ नुसताच बसून होता. चावी लावली नव्हती.

दुसऱ्या सकाळी त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून आंदेर्लिन रेडिओ केंद्रावर गेला. अडखळत सगळं सांगितलं: बाटली व्यायामशाळेतल्या एकानं दिली, बाईंनी नाही म्हटलं, आपण खोटं बोललो. शिक्षा तशीच राहिली, उलट खोटं बोलल्याबद्दल आणखी दोन महिने वाढली. ओनेलियाकडे माफी मागायला असं कोणी गेलं नाही. आमच्या वस्तीत ती पद्धत नाही. रादामेसनं भिंत पिवळी रंगवून दिली आणि रंग थोडा निराळा निघाला म्हणून तिची बोलणीही खाल्ली. तोरिबियोनं ताजा मासा नेऊन दिला. हळूहळू खुर्ची परत भरली.

पुढचा हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला. पहिल्याच सामन्याला आंदेर्लिन दुकानात आला. मैदानाच्या फाटकातून आत जायचीही त्याला परवानगी नव्हती. तो दारात टोपी हातात घेऊन उभा, आत यावं की जावं कळत नसल्यासारखा.

"असा दार अडवून उभा राहू नकोस, वारा येत नाहीये," दोन्या ओनेलिया म्हणाली आणि बाकावर सरकली.

तो तिच्या शेजारी बसला. ती त्याला विचारत होती, हा डावखुरा पिचर कसा वाटतो, तो तिसऱ्या बेसवाला इतका मागे का उभा आहे. तो आधी एकेका शब्दात, मग भराभर सांगायला लागला. शॉर्टस्टॉपला तोच लुकडा पोरगा होता. चेंडू जमिनीवरून सरपटत त्याच्याकडे आला की बाकावर बसलेल्या आंदेर्लिनचा डावा हात पंजा उघडून गुडघ्याखाली जायचा, आणि मग हळूच परत मांडीवर यायचा.