क्रियापद राहायला आलं

नानांच्या तेराव्याला, पंगत उठल्यावर, ‘ट्रिम’ हे इंग्रजी क्रियापद मिरजेच्या घरी राहायला आलं. उंचीनं बेताचं, अंगानं सडसडीत, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कात्री. यामिनीनं त्याला पाणी दिलं. ते खुर्चीत बसलं आणि म्हणालं, “अर्थ झालाय, मूळ झालंय. वापर राहिलाय.”

यामिनीला ते ठाऊक होतं. तिचे वडील, नाना, मराठी माणसाच्या तोंडी रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करत होते. त्यांचा नियम एकच: उदाहरणाचं वाक्य कुणीतरी या घरात खरोखर बोललेलं हवं. बनवलेलं चालायचं नाही. ‘अ‍ॅडजस्ट’खाली शेजारच्या शैलाकाकू होत्या, ‘टेन्शन’खाली सदूकाका. सगळा कोश प्रुफांपर्यंत गेला, तरी ‘ट्रिम’ काही त्यांनी पुरं केलं नाही. “थोडं काम हाताशी असलं की माणूस टिकतो,” म्हणायचे.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं.

“अगं, कबूल कर काहीतरी,” सदूकाका म्हणाले. “मला शुगर आहे, किती वेळ उभा राहू?”

यामिनीनं हात जोडले. “नाना, कोश पुरा करीन.”

कावळा लगेच आला. घरी परतताना रिक्षात तिच्या ध्यानात आलं, की कोश पुरा झाला म्हणजे नानांचं इथलं काहीच चालू राहणार नाही. तेव्हापासून तिनं त्या कामाला हात लावला नव्हता.

“वाक्य सुचत नाही,” ती क्रियापदाला म्हणाली.

“थांबेन,” ते म्हणालं, आणि थांबलं.

रिकामं बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आधी त्यानं मेंदीचं कुंपण सारखं केलं, मग पडद्यांच्या कडा. मग आतली बोळकांडी दोन्ही टोकांकडून थोडी थोडी कापली, तेव्हा स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीला येऊन टेकलं. कापलेले तुकडे ते रद्दी कागदात गुंडाळून केरात टाकायचं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बळकट करणं असा होता. नीटनेटकं करणं, सजवणं पुढे आलं, आणि कापणं त्याच्याही नंतर. यातलं काहीच ते विसरलं नव्हतं. त्यानं जे जे कापलं ते बळकट झालं. टेबल गुडघ्याएवढं उरलं आणि डुगडुगायचं थांबलं. खिळखिळं पुढचं दार असं घट्ट बसलं की उघडेना.

शैलाकाकूंनी उपम्याचा डबा खिडकीतून आत दिला.

“किती आटोपशीर झालंय गं घर! केर काढायलाही सोपं. आणि पाहुणे सज्जन दिसतात.”

“काकू, दार उघडत नाहीये.”

“मग अ‍ॅडजस्ट करायचं,” काकू हक्कानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकी पोस्टकार्डाएवढी होती. काकूंचा फक्त आवाज येत होता, तोही वाक्याच्या शेवटाशिवाय.

यामिनीनं मग प्रयत्न केला. “माळी कुंपण ट्रिम करतो.”

“आपल्याकडे माळी नाही,” क्रियापद म्हणालं.

“मी केस ट्रिम करून घेतले.”

“कधी?”

छत डोक्याला लागायला लागलं तशी ती वाकून चालू लागली, आणि नंतर चालण्याइतकी जागाच राहिली नाही. आता फक्त नानांची खोली पूर्वीएवढी होती. तिथं कॉट होती, कॉटवर उशी, आणि उशीत डोक्याचा खळगा अजून तसाच. क्रियापद त्या उंबऱ्यावर उभं राहिलं आणि उशीकडे बघून त्यानं कात्रीची पाती उघडली.

“ही खोली नको,” यामिनी म्हणाली.

“मग वाक्य.”

वाक्य तिच्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून होतं. नाना अंथरुणाला खिळल्यावरची एक सकाळ. त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल, तिच्या हातात शिवणाची छोटी कात्री. ते वाक्य तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. छापून आलं असतं, तर ते सगळ्यांचं झालं असतं.

ती कॉटच्या कडेला बसली. “मी म्हणाले होते,” ती म्हणाली, “‘नाना, हलू नका, मिशी जराशी ट्रिम करते.’ त्यावर ते म्हणाले, ‘जास्त नको गं. वर गेल्यावर तुझ्या आईनं ओळखायला हवं.’”

क्रियापदानं मान डोलावली. ते तिच्यासमोर उकिडवं बसलं. त्यानं एका बोटानं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि वाक्य जिथून बाहेर आलं होतं तिथं, ओठांपाशी, गार पातं टेकवलं.

“जरा लांब आहे,” ते म्हणालं. “किती ठेवू?”

यामिनीनं हनुवटी वर केली आणि हलली नाही.