‘प्लोव्हर’ विकणे आहे

शनिवारी सकाळी हॉलिस पाणी आणि पाव आणायला गावात गेला, तेव्हा त्याची बायको व्हर्ना त्यांच्या बोटीच्या डेकवर शिलाई मशीन मांडून बसली होती. शेजारच्या बोटीचं फाटलेलं शीड तिनं दुरुस्तीला घेतलं होतं. नवरा-बायकोचा इथला हा आठवा हिवाळा. नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गला पहिलं बर्फ पडायच्या आत दोघं आपली शिडाची बोट ‘प्लोव्हर’ घेऊन निघायची, अमेरिकेचा किनारा धरून दक्षिणेला यायची आणि जानेवारीत उबदार समुद्रातल्या एक्झुमाच्या बेटांशी नांगर टाकायची. मग मे महिन्यापर्यंत या बेटावरून त्या बेटावर. हॉलिसनं तीस वर्षं शाळेत सुतारकाम आणि नकाशे काढायला शिकवलं होतं, व्हर्ना इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाल्यावर बोटीवर राहायचं हे खूळ हॉलिसचं होतं. पहिल्या वर्षी व्हर्ना रडत आली होती. आता मे महिना जवळ आला की तिचंच तोंड उतरायचं.

एक रबरी होडी ‘प्लोव्हर’च्या बाजूला येऊन लागली. आत तिशीतलं एक जोडपं होतं. बाईच्या डोक्यावर इथल्या बाजारात मिळते तशी गवताची रुंद टोपी.

“नमस्कार. मी मारिसा, हा कीगन. बोट बघायला आलोय,” ती म्हणाली. “खरं तर उद्या या म्हणाले होते, पण आम्हाला राहवलं नाही.”

“कुठली बोट?”

“हीच. ‘प्लोव्हर’च ना ही?”

“तुमची काहीतरी गफलत होतेय,” व्हर्ना म्हणाली. “ही विकायची नाही.”

कीगननं खिशातून फोन काढून वर धरला. गावातल्या नळाशेजारी फळा आहे, कुणाला काही विकायचं असलं की तिथे कार्ड टोचतात. त्या फळ्याचा फोटो होता. ‘प्लोव्हर विकणे आहे. चौतीस फूट. मालकांना भेटा.’ जाड मार्करनं, बोटभर उंचीची अक्षरं. ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरली होती आणि शेवटचा शब्द कार्डात पुरता मावला नव्हता.

व्हर्नानं फोटो मोठा करून पाहिला. हॉलिसचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. किराणा सामानाची यादीसुद्धा तो पट्टी धरल्यासारखी सरळ लिहायचा. हे त्याचं अक्षर नव्हतं आणि तरीही त्याचंच होतं. उद्या रविवार. उद्या सकाळी ती आयोना रोलबरोबर चर्चला जाणार होती. आयोना म्हणजे त्यांची पाववाली, आठ वर्षांपासूनची मैत्रीण. म्हणजे वेळसुद्धा बघून ठरवली होती.

या दोघांना तिथल्या तिथे परत पाठवावं असं तिच्या मनात आलं. पण हॉलिस यांच्याशी काय काय बोललाय ते तिला कळायला हवं होतं.

“या वर,” ती म्हणाली. “चप्पल तिथेच काढा.”

तिनं त्यांना बोट दाखवली, म्हणजे बोटीच्या सगळ्या खोडी दाखवल्या. पुढच्या झाकणातून पाऊस थेट उशीवर गळतो. संडासाचा पंप महिन्यातून एकदा रुसतो आणि तो कुणाच्या हातानं उघडावा लागतो ते विचारू नका. इंजिनाला थंडी वाजली की ते तीन वेळा खोकतं, चौथ्या वेळी सुरू होतं, मध्ये त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. मारिसाचं डोकं केबिनच्या दारावर आपटलं.

“ते पण रोज होतं,” व्हर्ना म्हणाली. “आठ वर्षांनी सवय होते.”

एवढं सगळं ऐकून ती दोघं निघून जातील असं तिला वाटलं होतं. पण कीगनचे डोळे चमकायला लागले. “इतकं खरं बोलणारं आम्हाला कुणी भेटलंच नव्हतं,” तो म्हणाला.

“हॉलिस काय म्हणाला तुम्हाला? का विकतोय?”

“वय झालं म्हणाले. आणि तुम्हाला घराची ओढ लागलीय म्हणाले.”

“असं म्हणाला?” व्हर्नानं चहाचं पाणी ठेवलं.

चहा होतोय तोवर हॉलिसची होडी आली. पाहुण्यांची होडी शिडीला बांधलेली होती. एरवी तो दुरूनच इंजिन बंद करून अलगद लावायचा. आज सरळ त्या होडीवर धडकला. “हे काय बांधून ठेवलंय इथे?” असं पुटपुटत त्यानं पाण्याचे कॅन वर ठेवले आणि शिडी चढून आला. मारिसा डेकवर मशीनजवळ बसली होती. तिची टोपी खाली झुकली होती.

“अगं, आयोनाकडचा नारळाचा पाव संपला होता,” हॉलिस तिच्याकडे बघून म्हणाला. “साधाच आणलाय. चिडू नकोस.”

मारिसा गोंधळून हसली. हॉलिस तिच्यापासून चार हातांवर उभा होता, ऊन लख्ख होतं आणि तो आपली बायको समजून एका परक्या बाईला पाव देत होता. व्हर्ना केबिनच्या दारात हातात कप घेऊन उभी होती. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

“हॉलिस,” ती शेवटी म्हणाली, “मी इकडे आहे.”

त्यानं मान वळवली. नीट तिच्याकडे नाही, जरा बाजूला.

पाहुणे शहाणे होते. चहा अर्धवट ठेवून, “पुन्हा येऊ,” असं म्हणत होडीत उतरले. त्यांच्या इंजिनाचा आवाज लांब गेल्यावर व्हर्नानं विचारलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“हॉलिस, मला राग येतोय. आणखी आणू नकोस.”

तो शिडाच्या ढिगावर बसला. “गेल्या जूनमध्ये हॅलिफॅक्सला गेलो होतो ना, चष्मा बदलायला? तेव्हा सांगितलं डॉक्टरनं. दोन्ही डोळे. मधोमध डाग आहे, तो वाढत जाणार. कडेचं दिसतं, पुढेही दिसत राहील म्हणतो. मधलं जातंय. आता तुझ्याकडे बघितलं की कान दिसतो, केस दिसतात. चेहऱ्याच्या जागी धुरकट काहीतरी.”

“म्हणजे माझ्या सुरकुत्या गेल्या.”

“तेवढा एक फायदा झाला.”

तिला हसू आलं आणि त्या हसण्याचाच तिला जास्त राग आला. “नऊ महिने, हॉलिस. एका पलंगाएवढ्या घरात आपण राहतोय आणि तू माझ्यापासून हे लपवलंस. मी नर्स आहे रे.”

“म्हणूनच. तू मला पेशंट केलं असतंस.”

“आणि तू मला काय केलंस? त्या पोरांना सांगितलंस, बायकोला घराची ओढ लागलीय. मला? माझ्या नावावर खपवतोस?”

त्यानं शिडाची शिवण बोटांनी चाचपली. मग तो म्हणाला, “महिन्यापूर्वी आपण ती खडकांमधली वाट काढून आत आलो, आठवतं? तू पुढे उभी होतीस. तू हात डावीकडे केलास म्हणून मी वळवली. मला काहीच दिसलं नव्हतं, व्हर्ना. ना खडक, ना रंग. इथे सगळं पाण्याच्या रंगावर चालतं. तपकिरी दिसलं की खडक, पांढुरकं दिसलं की उथळ, एवढं तरी दिसायला हवं. मला सगळं सारखंच. त्या दिवशी तुझा हात पण नीट दिसला नाही. तुझा लाल शर्ट हलला, तेवढ्यावर मी चाक फिरवलं.”

व्हर्नाला तो दिवस आठवला. खडक बोटीपासून दोन हातांवरून गेला होता. संध्याकाळी जेवताना तिनं हॉलिसच्या कसबाचं कौतुक केलं होतं आणि त्यानं विषय बदलला होता.

“बोट बुडाली तर मला चालेल,” तो म्हणाला. “पण तू आहेस ना तिच्यावर.”

दिवसभरात व्हर्नानं शीड शिवून संपवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. संध्याकाळी तिनं रेडिओवरून कीगनला हाक मारली. उद्या दुपारनंतर वारा फिरून पश्चिमेकडून येणार असल्याचं सकाळीच सगळ्यांना कळलं होतं. या बाजूला आडोसा राहणार नव्हता, सगळ्या बोटी समोर गावाच्या बाजूला सरकणार होत्या.

“बोट हलवायचीच आहे,” ती म्हणाली. “चालते कशी ते बघायचं असेल तर सकाळी या.”

“तू विकणार आहेस?” हॉलिसनं विचारलं.

“तू त्यांना शब्द दिलायस. फिरवून तर आणू.”

“चाक कोण धरणार?”

“मी.”

“बंदरात तू कधी धरलेलं नाहीस.”

“तू धरायचास ना. आंधळा.” शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. हॉलिस मात्र मनापासून हसला. नऊ महिन्यांत तो शब्द पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला होता.

रविवारी ती चर्चला गेली नाही. आयोनाला कारणासकट रेडिओवर कळवलं, तर ती म्हणाली, “बाय गं, तुझ्या नवऱ्यानं तीन आठवडे माझ्याकडून मनुकांचा पाव नेला, नारळाचा समजून. मला वाटलं तुमची आवड बदलली.” व्हर्नाला तो दर वेळी ‘नारळाचा संपला होता’ असंच सांगत आला होता.

पाहुणे आल्यावर हॉलिसनं नांगर वर घेतला, ते काम हातांचं होतं. मारिसा पुढे उभी राहिली. व्हर्ना चाकाशी. पहिली दहा मिनिटं छान गेली. पाण्याचे रंग तिला पाठ होते, आठ वर्षं पुढे उभं राहून तीच तर बघत होती. डावीकडे पाण्याखालच्या गवताचा गर्द पट्टा, त्यापलीकडे निळी वाट. अडचण वेगळीच निघाली. रंग बघून हात दाखवणं तिला येत होतं, पण एवढी जड बोट वळायला किती वेळ घेते ते तिच्या हातांना माहीत नव्हतं. वाळूचा पांढुरका बांध तिला लांबूनच दिसला, तिनं चाक फिरवलं, बोट वळली नाही म्हणून आणखी फिरवलं, मग बोट एकदम वळली आणि वळतच राहिली.

बोट हळूच थांबली. खाली कुणीतरी मोठा निःश्वास टाकावा तसा आवाज आला.

“वाळू,” हॉलिस म्हणाला. “इंजिन मोकळं कर. काही झालं नाही.”

जवळून जाणाऱ्या दोन बोटींवरचे लोक नजर वळवून बघत नसल्यासारखं करत होते. “मी चढवली,” व्हर्ना म्हणाली. “दिसत असताना चढवली.”

“मी पहिल्या वर्षी चार वेळा चढवली होती. तू केबिनमध्ये रडत होतीस, तुला दोनच माहीत आहेत.” तो उठला, चाचपडत शिडाच्या आडव्या काठीपर्यंत गेला आणि तिचे दोर सोडायला लागला. त्याचे हात एकदाही अडखळले नाहीत. “कीगन, इकडे ये. ही काठी बाहेर लोटायची आणि आपण दोघांनी तिच्या टोकावर लोंबकळायचं. बोट कलली की पोट वाळूतून सुटेल. व्हर्ना, मी सांगितलं की मागे घे. घाई नाही, भरती अजून चढतेय.”

सत्तर वर्षांचा हॉलिस आणि तो लांबसडक कीगन पाण्यावर काठीला लटकले. बोट कुरकुरत कलली. हॉलिसनं “आता” म्हटल्यावर व्हर्नानं इंजिन उलटं टाकलं, पाणी गढूळ झालं, आणि दोन मिनिटांनी ‘प्लोव्हर’ घसरत मागे आली. कीगन कमरेपर्यंत भिजला होता आणि आनंदानं ओरडत होता.

“चाक फिरवलंस की तीन मोजायचे,” हॉलिस तिच्याजवळ येऊन बसत म्हणाला. “मग वाट बघायची. ती ऐकते, पण लगेच नाही. माझ्यासारखी आहे.”

“तू तीन मोजून कधी ऐकलंयस?”

पलीकडे पोचेपर्यंत ती प्रत्येक वळणाला तोंडानं मोजत होती. नांगर दुसऱ्या खेपेला बसला.

त्या जोडप्यानं बोट घेतली नाही. चार दिवसांनी मारिसा सांगायला आली. पलीकडच्या बंदरात त्यांना एक नवी, मोठी बोट मिळाली होती, तिच्या केबिनच्या दाराला डोकं लागत नव्हतं. व्हर्नानं तिचं अभिनंदन केलं आणि ती गेल्यावर तासभर भांडी आपटली. विकायची नाही हे तिचं कधीच ठरलं होतं, तरी कुणी आपल्या बोटीला नाही म्हणावं याचा तिला राग आला.

“कार्ड काढून आण,” ती हॉलिसला म्हणाली.

“आणि पुढे? डाग वाढणार आहे, व्हर्ना. दोन वर्षं, फार तर तीन.”

“मग दोन वर्षं. फार तर तीन. तिसऱ्या वर्षी आपण दोघं मिळून कार्ड लिहू. आणि जूनमध्ये डॉक्टरकडे मी येणार, बाहेर बाकड्यावर बसणार नाही, आत येणार.”

“पेशंट करणार तर मला.”

“हो. आणि तू मला शिकवणार. मास्तर होतास ना?”

मास्तर म्हणून तो भयंकर होता, हे तिला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं. तो उसासे टाकायचा. एकच गोष्ट तीनदा सांगायचा. एकदा तिनं त्याला चाकापासून हाकलून केबिनमध्ये पाठवलं आणि एकटीनं, त्याच्या आवाजाशिवाय, बंदराला पूर्ण फेरी मारून बोट जागेवर आणली. तो वर आला तेव्हा त्यानं कॉफी करून आणली होती. ती निम्मी बशीत होती.

एप्रिलच्या सुरुवातीला ती दोघं कॅट आयलंड या बेटाकडे निघाली. खडकांमधली वाट व्हर्नानं काढली, ओठ घट्ट मिटून. बाहेर पडल्यावर पाणी एकदम गडद झालं, हजारो फूट खोल, आणि पुढे चाळीस मैल काहीही नव्हतं. तिनं शिडं लावली, इंजिन बंद केलं, चारी बाजूंना दुर्बिणीतून बघून घेतलं. एकही बोट नव्हती.

“ये इकडे,” ती म्हणाली. “धर.”

“कशाला? मला होकायंत्र पण दिसत नाही.”

“इथे आपटायला काही नाही. चुकलास तर मी सांगेन.”

हॉलिसनं चाक धरलं. आधी बिचकत, मग जरा सैल हातानं. वारा त्याच्या डाव्या गालावर येत होता. बोट जरा इकडे-तिकडे झाली की तो मान किंचित वळवायचा, वारा पुन्हा त्याच गालावर घ्यायचा आणि चाक तेवढंच हलवायचा. व्हर्ना होकायंत्र बघत होती. तीन-चार अंशांपलीकडे काटा हलत नव्हता.

“किती चुकतोय?” त्यानं विचारलं.

“गप्प बस आणि चालव,” ती म्हणाली, आणि पाव कापायला खाली गेली.