छातीवरचा रेग्युलेटर

पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात धरून तो नळी पोचेल तेवढ्या जागेत येरझारा घालत होता. नळीचं दुसरं टोक कोपऱ्यातल्या हवेच्या टाकीला जोडलेलं होतं. त्यामुळे दोन पावलं पुढे गेलं की तोंडाला हिसका बसायचा आणि दाव्याला बांधलेल्या वासरासारखा तो पुन्हा मागे यायचा. श्वास घेतला की सूं, सोडला की फुर्र. असं सकाळपासून चाललं होतं.

"काकू, ह्याची हवा जरा कोरडी वाटते," रेग्युलेटर तोंडातून काढून तो म्हणाला.

"टाकीतली हवा कोरडीच असते. सगळ्यांतून तीच येते," काकू मान वर न करता म्हणाल्या.

काकूंचं दुकान म्हणजे अर्धं दुकान आणि अर्धा कारखाना. पुढच्या भागात पाणबुड्यांचे जाड रबरी पोशाख माणसं टांगल्यासारखे लटकत होते आणि मागच्या लांब टेबलावर काकू लोकांचे रेग्युलेटर खोलून, धुऊन, पुन्हा जोडत बसलेल्या असायच्या. गावातले सगळे पाणबुडे त्यांना काकूच म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. आत्ताही टेबलावर एक रेग्युलेटर तयार होऊन पडला होता. तो त्याच्या बायकोचा. ती खिडकीपाशी उभी होती. कोटाची बटणंही तिने काढली नव्हती, म्हणजे लवकर आटपेल अशी तिची अजून आशा होती.

तो बस डेपोत टायर विभागाचा मुकादम होता. तिथे त्याला सगळे भिंगरी म्हणायचे आणि त्या नावात कुणालाही काही चूक दिसत नव्हती. बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खाणीत पाणी भरून तळं झालं होतं. त्यात ती कित्येक वर्षं बुडी मारत होती, आणि तीही हिवाळ्यात. उन्हाळ्यात ते पाणी गढूळ, हिरवट असतं. थंडी पडली की नितळ होतं आणि खाणकामगारांनी कोरलेल्या पायऱ्या थेट तळापर्यंत दिसतात. त्या पायऱ्यांसाठी ती वर्षभर हिवाळ्याची वाट बघायची.

पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, जोडीदार लागतो. तिचा जोडीदार म्हणजे शाळेतले चित्रकलेचे सर. दोघांनाही हातांची भाषा येत होती, त्यामुळे इतर पाणबुडे खाली पाच-सहा खुणांवर भागवत असताना हे दोघे चक्क गप्पा मारायचे. नवरा काठावर चहाचा थर्मास घेऊन पाय आपटत उभा. एवढं काय बोलता, असं त्याने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, काही नाही, मासा दिसला की दाखवतो एकमेकांना. ह्याचा विश्वास बसला नाही. माशावर इतका वेळ कोण बोलतं? सरांना तो तेव्हापासूनच पाण्यात पाहायला लागला होता.

मग सरांच्या कानाने दगा दिला आणि डॉक्टरांनी त्यांची बुडी कायमची बंद केली. फार वाईट झालं, असं ह्याने चार लोकांत म्हणून दाखवलं आणि त्या दिवशी डेपोत शीळ घालत टायर मोजले. उन्हाळाभर शिकवणी लावली, नाकातोंडात पाणी घेतलं, शेवटी कोमट पाण्यातली परीक्षा पास झाला. आता त्याची एकच इच्छा होती: ह्या हिवाळ्यात बायकोचा जोडीदार आपण व्हायचं. बायको मात्र अजून हो म्हणाली नव्हती. क्लबातल्या दोघी बहिणींनी तिला तिसरी म्हणून बोलावलं होतं. त्यांनाही ती बघू म्हणाली होती आणि ह्यालाही. त्या "बघू"ने त्याचा जीव टांगणीला लागला होता. पहिल्या बुडीचा रविवार तर तोंडावर आला. चांगला रेग्युलेटर घेतला की बघूचं हो होईल, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातला प्रकार. फक्त इथे लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती.

काकूंनी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. टाकीतली दाबलेली हवा बाहेर पडताना फुगते आणि फुगताना गारठते. मुळात पाणी बर्फासारखं, त्यात ही गारठलेली हवा. मग आतली झडप गोठून उघडीच राहते आणि हवा थांबता थांबत नाही. बघता बघता टाकी रिकामी. म्हणून थंड पाण्यासाठी वेगळा रेग्युलेटर लागतो. टाकीवर बसणाऱ्या भागात पाणी शिरू नये असा बंद केलेला, आणि तोंडातला भाग धातूचा, ज्याला भोवतालच्या पाण्याची तेवढी तरी ऊब घेता येते. प्लास्टिकचा तिथे चालत नाही.

"ठरलं. हाच," तो अखेर म्हणाला. हाच म्हणजे त्याने अगदी सुरुवातीला तोंडात धरून नापसंत केलेला. बायकोने खिडकीकडे तोंड करून हसू लपवलं.

"आता दुसरा," काकू म्हणाल्या.

एका टाकीला तोंडात धरायचे दोन भाग लागतात, एक तोंडात आणि एक जादा, छातीवर अडकवलेला. त्या जादासाठी ह्याची तयारी होती. त्याने पिशवीतून एक जुना प्लास्टिकचा काढला. उन्हाळ्यात शिकवणाऱ्याने त्याला दिला होता.

"हा लावा. स्टेपनीला कोण नवं टायर घालतं?"

डेपोत हा त्याचा नियम होता आणि तो त्याला अभिमानाने सांगायचा. चांगलं टायर रस्त्यावर, झिजलेलं मागे डिकीत. एवढ्या वर्षांत त्याची एकही बस त्यामुळे अडली नव्हती.

"तो थंड पाण्याचा नाही," काकू म्हणाल्या.

"पण तो मी वापरणार कुठे? नुसता लटकणार ना छातीवर."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. बायको आता हसत नव्हती. काकूंनी मग तिच्या तयार रेग्युलेटरशेजारी पडलेलं, छातीवरच्या भागाचं दातांत धरायचं रबर उचलून त्याच्यासमोर ठेवलं. "हिने बदलायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "नवं बसवलंय, जुनं हे." रबरावर दातांच्या खोल खुणा होत्या. एका जागी तर आरपार.

तो खुणांकडे बघत राहिला. टायरवरची झीज बघून ड्रायव्हर ब्रेक कसा मारतो हे सांगणारा माणूस तो. हे दात बायकोचे नव्हते. मोठे होते, आणि घाबरून चावलेले होते.

"कुणाचे?" त्याने विचारलं. विचारताना उत्तर त्याला माहीत होतं.

मग बायकोने सांगितलं. गेल्या हिवाळ्यात, खाणीच्या तळाजवळ, सरांचा रेग्युलेटर गोठला. बुडबुड्यांचा असा लोट उठला की एकमेकांचे हात दिसेनात, मग कसल्या गप्पा. तिने आपल्या छातीवरचा काढून त्यांच्या तोंडात कोंबला आणि त्यांच्या पट्ट्याला धरून, घाई न करता, पायरी पायरीने वर आणलं. वर आल्यावर दोघांनी काठावर बसून थर्मासमधला चहा घेतला. चहा ह्यानेच ओतून दिला होता आणि मासे दिसले का, असंही विचारलं होतं.

त्याला आठवलं. सरांचा हात थरथरत होता आणि थंडीने, असं त्याला वाटलं होतं. मनातून जरा बरंही वाटलं होतं. आता त्याचीच त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती आली, कारण तळाशी ती होती. त्याला खूप रागही आला. तो टेबलापासून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला पुन्हा जाऊ दिलं नसतंस."

ते खरं होतं. ती खिडकीपासून टेबलाशी आली आणि त्याचा प्लास्टिकचा भाग हातात घेऊन उलटसुलट करून पाहू लागली. आवाज चढवला नाही. शाळेतही ती कधी चढवत नसावी.

"माझा गोठला ना, तर मी तुझ्याकडे येणार," ती म्हणाली. "तेव्हा तू माझ्या तोंडात हा देणार आहेस."

तो तिच्या हातातल्या त्या वस्तूकडे बघत होता. इतके दिवस तो रेग्युलेटर निवडत होता, पुस्तकं वाचत होता, लोकांना फोन करत होता, आणि प्रत्येक वेळी मनात तोंड एकच होतं, स्वतःचं. छातीवरचा भाग कुणाच्या तोंडात जाणार हा विचार त्याला शिवलाही नव्हता. ती इतके दिवस बघू का म्हणत होती ते त्याला कळलं, आणि जे कळलं ते मुळीच सुखाचं नव्हतं.

"काकू, धातूचे दोन द्या. ह्याच्यासारखाच अजून एक."

काकूंनी मान हलवली. शेवटचा एवढाच उरला होता. पुढचा माल कधी येईल सांगता येत नव्हतं. बहुधा हिवाळा सरल्यावरच. भाड्याने द्यायचे होते ते सगळे उन्हाळी.

तो थांबला, पण थांबणं त्याला जमत नसल्याने लगेच तोडगाही काढला. "मग असं करा. चांगला छातीवर लावा, तिच्यासाठी. माझ्या तोंडात हा जुना. मला चालेल."

बोलून झाल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. काहीतरी मोठं सोडल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर उतरलं होतं. काकूंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"टाकी एकच आहे," त्या म्हणाल्या. "दोन्हींतला कुठलाही गोठला तरी रिकामी तीच होणार. म्हणजे तुम्ही हुतात्मा व्हायचं आणि तुम्हाला वर ओढत हिने आणायचं. गेल्या वर्षी एकाला आणलं, तेवढं पुरे."

बायकोला हसू आलं आणि ते तिने ह्या वेळी लपवलं नाही. तो मात्र टेबलाजवळच्या स्टुलावर बसला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच बसला होता. गुडघा थोडा वेळ वरखाली होत राहिला, मग तोही थांबला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी फावड्याने पायवाटेवरचा बर्फ ओढत होतं.

"मग ह्या हिवाळ्यात माझं जमत नाही," तो म्हणाला. "तू जा. त्या दोघी चांगल्या आहेत, त्यांचं सामानही चांगलं असणार. त्यांना हो म्हणून टाक." आणि मग, जरा हळू, "मी येईन काठावर. चहा घेऊन."

हे बोलणं त्याला जड गेलं. ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

काकूंनी तिचा रेग्युलेटर पिशवीत घालून तिच्यापुढे सरकवला. त्याचा धातूचा भाग मात्र त्यांनी कागदात गुंडाळून बाजूला ठेवला, जोडीचा येईपर्यंत राहू दे म्हणाल्या. तिने पिशवी उचलली, वजन बघावं तशी क्षणभर हातात धरली आणि परत टेबलावर ठेवली.

"हा पण राहू द्या तुमच्याकडे," ती काकूंना म्हणाली. "माल आला की कळवा. दोन्ही एकदमच नेऊ."

"अगं, तोवर पाणी गढूळ होईल," काकू म्हणाल्या.

"होऊ दे."

पिशवी आणि कागदाचं पुडकं काकूंनी मागच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलं. तो स्टुलावरून उठला आणि बायकोसाठी दार उघडून धरलं. थंड वारा आत आला. रविवारचं मग काय करायचं, हे त्याने घरी पोचेपर्यंत विचारलं नाही.