पात्यातली खोबण

संघाच्या स्केटना धार लावणाऱ्या हेल्काने एका स्केटचं पातं दिव्यासमोर धरलं, त्याच्या कडेवरून नख हलकंच ओढलं आणि नखाचा किती कीस निघाला ते पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या तार्मोकडे न बघता तिने पुन्हा विचारलं, नक्की का?

"बारा. एकदा सांगितलं ना," तार्मो म्हणाला.

पात्याच्या तळाला लांबट खोबण असते. ती खोल असली की दोन्ही कडा बर्फात रुततात. माणूस झटकन वळतो, झटकन सुटतो, पण पाय लवकर भरून येतात आणि तोल जरा चुकला की तीच कड त्याला पाडते. उथळ खोबणीवर न थकता कितीही वेळ मागे सरकत राहता येतं. आकडा मात्र उलटा चालतो. बारा म्हणजे खोल, पंचवीस म्हणजे उथळ. प्रत्येक खेळाडूचा आकडा हेल्का कार्डावर लिहायची आणि कार्डं भिंतीकडे तोंड करून खिळ्यांना टांगायची. एकाचा आकडा ती दुसऱ्याला सांगत नसे. तार्मोच्या कार्डावर चौदा वर्षं पंचवीसच होता. बारा हा रासमुसचा आकडा होता.

आइस हॉकीच्या या संघात दोघे बचावफळीत जोडीने खेळत. रासमुस एकवीस वर्षांचा. नावाला बचावपटू, पण चेंडूऐवजी असते ती रबरी चकती मिळाली की समोरच्या गोलाकडे सुटायचा. या मोसमात त्याचे सतरा गोल झाले होते. तो सुटला की मागे जी मोकळी जागा पडायची, तिथे तार्मो असायचा. तार्मोने शेवटचा गोल कधी केला हे हेल्कालाही चटकन आठवलं नसतं.

नव्या प्रशिक्षकांनी जानेवारीतच सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पुढच्या वर्षी आपण चढाई करून जिंकणार, आणि चकती घेऊन पुढे न जाणाऱ्या बचावपटूला संघात जागा नसेल. तार्मोचा करार एप्रिलअखेर संपत होता. आज संध्याकाळी तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना होता, मोसमातला शेवटचा. पुढे जाऊन दाखवायला एवढी एकच संध्याकाळ उरली होती.

सामन्याच्या दिवशी कुणी खोबण बदलत नाही, हेल्का म्हणाली. चौदा वर्षांची सवय एका दिवसात कशी मोडेल?

"पायांचं मी बघतो. तू पात्याचं बघ."

तिने यंत्र सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. काम झाल्यावर तार्मोने नेहमीप्रमाणे मान लववून आभार मानले आणि तो गेला.

तासाभराने रासमुस आला. त्याने स्वतःचे स्केट टेबलावर ठेवले, दार लावून घेतलं आणि सगळ्यांत उथळ खोबण मागितली.

"का?"

"म्हातारा आज पुढे जाणार. जाऊ दे ना एकदा त्याला. मागे कुणीतरी राहायला हवं."

"त्याने सांगितलं तुला?"

"तो कसला सांगतोय. कॉफी हवी का विचारलं तरी नुसती मान हलवतो." मग म्हणाला, "त्याला सांगू नकोस हं."

हेल्काने त्याचे स्केट उचलले. दोघांनी एकमेकांचे पाय मागून नेले होते, आणि हे ठाऊक असलेली ती एकटीच होती. तिने चाक पंचवीसवर लावलं आणि काम केलं.

दुसऱ्या सत्रात तार्मो तीनदा चकती घेऊन पुढे गेला. पहिल्या दोन वेळी लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी वळताना त्याचं डावं पातं बर्फात रुतलं आणि तो खांद्यावर आदळला. चकती विरुद्ध संघाच्या हाती गेली. त्यांचे दोघे गोलाकडे सुटले आणि समोर रासमुस एकटा. आता हा चकतीवर झेप घेणार, बाकाशेजारी उभ्या असलेल्या हेल्काला वाटलं. पण तो मागे सरकत राहिला, काठी बर्फावर आडवी ठेवून दोघांच्या बरोबर मध्ये. पहिल्याने काठी उगारली तेव्हा रासमुस गुडघे जुळवून त्याच्यापुढे आडवा पडला. चकती बरगड्यांवर बसली. बाकावरच्या सगळ्यांनी काठ्या कडेच्या फळ्यांवर आपटल्या. हा आवाज एरवी तार्मोसाठी व्हायचा.

तार्मो उठत होता. उठता उठता तो रासमुसच्या पायांकडे बघत राहिला.

एक-एक अशी बरोबरी होती. मध्यंतरात तार्मो रासमुसला दंडाला धरून हेल्काच्या खोलीत घेऊन आला. दोघांच्या पायांत नुसते मोजे. हातातले स्केट तार्मोने टेबलावर ठेवले. ते रासमुसचे होते.

"याचे होते तसे कर."

पंचवीसचे बारा करायला वेळ लागतो, हेल्का म्हणाली. एवढ्यात एकच जोडी होईल.

"मग हीच कर."

"अरे म्हाताऱ्या, तुला आज पुढे जायचंय," रासमुस म्हणाला. "प्रशिक्षक बघतायत."

"मी जाऊन आलो. आता तू जा."

यंत्र चालू झाल्यावर थोड्या वेळाने तार्मो हेल्काला म्हणाला, "तू मला सांगितलं नाहीस."

"त्यालाही तुझं नाही सांगितलं."

तो हसला. सामन्याच्या दिवशी तार्मोला हसताना तिने क्वचितच पाहिलं होतं.

शेवटच्या सत्रात सहा मिनिटं उरली असताना रासमुसने गोल केला. नव्या खोल खोबणीशी झगडत तार्मो मागेच राहिला. मधली रेषा त्याने एकदाही ओलांडली नाही. सामना दोन-एकने संपला आणि सगळ्यांच्या गळ्यात कांस्यपदकं आली.

आठवड्याने प्रशिक्षकांनी तार्मोला बोलावून घेतलं, हात हातात घेतला आणि नव्या कराराला नाही म्हणाले. तिथून तो सरळ हेल्काकडे आला. संघ सोडणाऱ्याला त्याचं कार्ड द्यायची तिथली रीत होती. हेल्काने कॉफी ओतली. राहणाऱ्या खेळाडूंनी पुढच्या वर्षीच्या पात्यांसाठी भरून दिलेली कार्डं टेबलावर होती. सगळ्यांत वरचं रासमुसचं. आज तिने ते झाकलं नाही.

त्यावर बारा खोडला होता आणि खाली अठरा लिहिलं होतं.

"अठरा कोण वापरतं?" तार्मोने विचारलं.

"इथं तरी आजवर कुणीच नाही."

तार्मो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "बारा आणि पंचवीसच्या मधला आकडा साडेअठरा येतो."

"हो."

"म्हणजे तेवढा अर्धा तो पुढे पळणारच."

"पळू दे की," हेल्का म्हणाली.

तार्मोने कॉफी संपवली, कप धुऊन पालथा घातला. तिने दिलेलं कार्ड त्याने दोन्ही हातांत धरून वाचलं, जणू त्यावर पंचवीसशिवाय आणखी काही लिहिलेलं होतं. मग त्याने ते पुन्हा त्याच्या खिळ्याला अडकवलं.

"इथंच असू दे. त्याला लागलं तर." दाराशी जाऊन तो वळला. चौदा वर्षं नुसती मान लववणारा माणूस आज तोंडाने म्हणाला, "आभारी आहे, हेल्का."

तो गेल्यावर तिने रासमुसचं कार्ड शेजारच्या खिळ्याला टांगलं, नेहमीसारखं भिंतीकडे तोंड करून. तार्मोचं कार्ड मात्र पुढे तोंड करून होतं. ते तिने तसंच राहू दिलं.