निरोगी कांदा

देवासच्या टेकडीखालच्या मंगल कार्यालयात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर खंडोजी महाराज प्रयोगशाळेचा कागद नाचवत होते. "ये देखो भिया! डहीच्या जंगलातली जडी! शंभरातल्या नव्वद कॅन्सर पेशी खल्लास! मोहर बघा, मोहर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मोहर बघायची आणि मजकूर सोडायचा, ही आपल्या लोकांची जुनी खोड.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी विद्युल्लता मागे दातओठ खात उभी होती. कागद खरा होता, हीच तर मेख. पण चाचणी काचेच्या बशीतल्या पेशींवर होती, आणि त्या फिनाईलनेही मरतात. निरोगी पेशींचं काय होतं, हे कुणी तपासलंच नव्हतं. इकडे तिची आई इंदिराबाई केमो सोडून हाच अर्क पीत होती. छातीतली गाठ लिंबाएवढी झाली, तरी म्हणे, "गुण येतोय गं."

विद्युल्लता तरातरा मंचावर गेली आणि तिने दोन पेले मांडले. "एकाच टोपलीतले कांदे. पाच दिवस हा पाण्यावर ठेवला, हा अर्क घातलेल्या पाण्यावर." पहिल्याला बोटभर पांढरी मुळं फुटली होती. दुसऱ्याला नुसती काळी खुंटं. "टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आतली गुणसूत्रं तुटलीत."

महाराज खदखदून हसले. "अहो ताई, कांद्याला कॅन्सर कुठे होता?"

सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेतल्या इंदिराबाईही हसल्या.

"नव्हताच. धडधाकट होता, तरी मेला. म्हणजे हे रोगी-निरोगी ओळखत नाही. जे वाढतंय ते मारतं."

इंदिराबाईंचं हसू विरलं. "अगं, महाराजांचं तीर्थ आपल्यात एकटीनं घेत नाहीत. उरलेलं मी रोज सूनबाईला देते."

शेजारी बसलेल्या नेहाला चौथा महिना होता. ती काळ्या खुंटांकडे बघत राहिली. "वन्सं, मी तर रोज पिले. सच्ची, एक दिवस नाही चुकवला."

"नेक्स्ट!" महाराज ओरडले, आणि अर्काच्या बाटल्या घ्यायला लागलेली रांग पुढे सरकली.

बाबांनो, टाळ्या पिटण्याआधी एवढं तरी विचारा: निरोगी जिवावर हे तपासलंय का? कांदा म्हणजे माणूस नव्हे, असं विद्युल्लता नेहाला रोज समजावते. डॉक्टरही आत्ताच काही सांगत नाहीत. जी तपासणी आधी उंदरावर व्हायला हवी होती, ती नेहाच्या पोटात चालू आहे. निकालाला पाच महिने आहेत.